पंचमीची ओहोटी

“डोल्याचं आपरेशन झालं की आईंचं खडप बंद,” आतून वहिनीचा आवाज आला. “सांगून ठेवते. परत तिकडं पाय ठेवायचा नाय.”

“तूच सांग तिला,” दादा म्हणाला. “माझं कवा ऐकलंय तिनं.”

मी बाहेरच्या खोलीत चहाचा कप धरून बसले होते. मध्ये फक्त पडदा होता. जो माणूस बोलत नाही त्याला ऐकूही येत नाही, असं लोकांना का वाटतं कोण जाणे. मला त्याची सवय आहे. मी कप खाली ठेवला नाही, कारण आवाज झाला असता.

खडप म्हणजे समुद्रातला सपाट काळा खडक. भरतीला तो बुडतो, ओहोटीला उघडा पडतो. त्याला कालवं चिकटलेली असतात, आणि ती फोडून आणणं हे मावशीचं लग्न होऊन करंज्याला आल्यापासूनचं काम. आता तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता. उजवा पिकला होता. गुरुवारी पनवेलला त्याचं ऑपरेशन ठरलं होतं आणि तिला बुधवारी आमच्या घरी घेऊन येण्यासाठी आईने मला दोन दिवस आधी पाठवलं होतं. आईला सुट्टी मिळत नव्हती. “तू फक्त तिच्याबरोबर एसटीत बसून ये,” आई म्हणाली होती. “बोलायचं काही नाहीये.” ती मला ओळखते.

वहिनी आणि दादा वाईट नाहीत, हे आधीच सांगून ठेवते. दादा मावशीचा मुलगा, बंदरात कामाला जातो. वहिनी उरणच्या बाजारात मासळी घेऊन बसते. मावशी खडकावर घसरून पडली तर करायचं काय, ही त्यांची काळजी खरीच होती. पण मावशीला दुसरं काही नव्हतं. नवरा गेलेला, होडी विकलेली. सकाळी टोपली उचलून पाण्याकडे जाणं एवढीच एक गोष्ट तिची स्वतःची उरली होती, आणि पडद्याआड ती बंद होत होती.

आम्ही नवीन पनवेलला राहतो. पनवेललाही पूर्वी बंदर होतं, खाडीतून गलबतं यायची, असं म्हणतात. माझा जन्म तिथला, पण ते बंदर कुठे होतं हे मला दाखवता येणार नाही. उरण मात्र अजून बंदरच आहे. एसटीच्या खिडकीतून आधी कंटेनर दिसतात, एकावर एक रचलेले. मग थोडी मिठागरं, मग बाजार, आणि सगळ्याच्या मागे द्रोणागिरी. करंजा त्या डोंगराच्या अगदी पायाशी आहे. घरं डोंगर आणि पाणी यांच्या मध्ये जेवढी जागा उरली तेवढ्यात बसवलेली. मला लहानपणापासून ती जागा दडपून टाकते. मागे वळावं तर डोंगर, पुढे पाहावं तर पाणी, आणि बाहेर पडायला रस्ता एकच.

पोहोचले त्या दुपारी मावशीने मला बंदरावर नेलं. होड्यांची निशाणं फडफडत होती, जाळ्यांचे ढीग पडले होते, माणसं बर्फ फोडत होती. तिने मान वर करून डोंगराकडे हात केला. “तिथं किल्ला हाय. फिरंग्यांनी बांधलेला. भिंती तेवढ्या ऱ्हायल्यात.” तिला तो दिसत नव्हता. हात मात्र बरोबर जागी गेला. “इथून मीठ जायचं, मासली जायची. आता लोखंडी डबे जातात.” मग माझा दंड चिमटीत धरून म्हणाली, “तू खात नाय का काय पनवेलला?”

समुद्राची मला भीती वाटते. पोहता येत नाही म्हणून नाही फक्त. पाणी हलत असतं आणि ते कुठल्या दिशेने हलतंय हे मला कळत नाही, त्याची भीती. पण त्याहून जास्त भीती मला संध्याकाळी वाटली, जेव्हा शेजारच्या बायका मला बघायला आल्या. करंज्यात कुणी आडून विचारत नाही. लग्न कवा करतेस, पगार किती, इंग्लिशमध्ये बोलून दाखव. माझं मराठी घरात बोलण्यापुरतं आहे. ते चार माणसांपुढे बाहेर काढायचं म्हटलं की घसा बंद होतो. मी दोनदा हसले, मग उठून भिंतीवरच्या कॅलेंडरपाशी गेले आणि जानेवारीचं पान उलटून त्याच्या पाठीमागचा लेख वाचू लागले. सांधेदुखीवरचा लेख होता. पान सारखं खाली पडत होतं, म्हणून ते वर दुमडून खिळ्यात अडकवलं. बायका जाईपर्यंत मी तो लेख तीनदा वाचला. “लई वाचते तुमची पोरगी,” जाताना एक जण म्हणाली. मावशीला त्याचा अभिमान वाटला, हे मला तिच्या पाठीवरून कळलं.

दुसऱ्या दिवशी, मंगळवारी, दादा पहाटेच कामावर गेला. वहिनी टोपली घेऊन बाजाराला गेली. दार लागल्याबरोबर मावशी माझ्या अंथरुणाशी येऊन बसली.

“उठ गो. खडपावर जाऊ.”

मी अंथरुणात उठून बसले.

“डोला झाल्यावर डॉक्टर म्हैनाभर पान्यात जाऊ देनार नाय. आन म्हैन्यानं ही जाऊ देनार नाय.” तिने हनुवटीने दाराकडे, म्हणजे वहिनीकडे, इशारा केला. म्हणजे तिलाही ठाऊक होतं. “आज एकदा जाऊन येते. तू डबा धर. तिथी बघ काय हाय ती. मना तीज वाटते. काल चंद्र जेवनं झाल्यावर उगवला. दोन दिसले, पन उगवले एकाच येली.”

मी कॅलेंडरपाशी गेले, तारीख शोधली, तिच्याखालची बारीक अक्षरं वाचली. “पंचमी आहे, मावशी.”

ती थांबली. “पंचमी? मंग संकष्टी गेली कवा?”

मी परत वाचलं. पंचमीच होती.

“असल,” ती म्हणाली. “कागदावर हाय तर हाय. माझ्या डोल्यांचं काय खरं आता.” मग तिने भरती काढली. मला ती रीत माहीत नव्हती, तिने बोटं धरून शिकवली. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते. “पाच पाऊन पावनेचार. पावनेचारला भरती. त्यात सा मिलव. पावनेधाला पानी पार जाईल, आन मंग मागं फिरल. आता निघालो तर दोन तास आपले.”

मला आनंद झाला होता. कधी नव्हे ते कुणीतरी माझ्या वाचण्यावर विसंबून काहीतरी ठरवत होतं. तिच्या तोंडातून तीज निघाली होती, हे मी तेव्हाच्या तेव्हा विसरून गेले.

आठ वाजून गेले होते. डोंगराच्या कडेकडेने पायवाट जाते. एका बाजूला झुडपं, एका बाजूला दगड आणि त्यांच्यात अडकलेल्या प्लास्टिकच्या बाटल्या. मावशी पुढे, अनवाणी, डोक्यावर टोपली. मी मागे, बूट हातात. वाटेत एके ठिकाणी मला लांबवर, खालच्या अंगाला, तीन बायका दिसल्या. त्या परत येत होत्या. टोपल्या भरलेल्या, लुगडी गुडघ्यापर्यंत ओली. पाणी अजून दीड तास मागे जाणार असेल तर या आत्ताच का परतल्या, असं माझ्या मनात आलं. अगदी नीट, शब्दांत आलं. त्यातल्या एकीने हात वर करून काहीतरी ओरडून विचारलं. मावशीला ऐकू आलं नाही, वारा होता. मला ऐकू आलं, पण समजलं नाही. उत्तर द्यायचं म्हणजे ओरडावं लागलं असतं. मी हात हलवला आणि चालत राहिले.

आधी किनाऱ्याला लागून एक खडक आहे, मग एक घळ, आणि घळीच्या पलीकडे मोठं खडप. मी बूट अलीकडच्या खडकाच्या कडेला ठेवले. घळीत पाणी घोट्याएवढं होतं, तळ दिसत होता. “आज पानी लई गेलाय,” मावशी खुश होऊन म्हणाली. आसपास दुसरं कुणी नव्हतं. “बरं झालं. सगली आपली.”

ती उकिडवी बसली ती समुद्राकडे पाठ करून. हातात टोकदार लोखंडी सळी, तिला लाकडी मूठ. डाव्या हाताने खडक चाचपायचा, शिंपल्याची कड सापडली की एक ठोका, वरची शिंपली उडायची, आतलं मऊ कालव नखाने काढून डब्यात. डोळ्यांचं काही कामच नव्हतं. तिची बोटं इतकी भराभर चालत होती की मी भीती विसरून बघत बसले. मलाही तिने एकदा सळी दिली. मी तीन ठोके चुकवले आणि चौथ्याला अंगठा सोलून घेतला. “शिकशील,” ती म्हणाली. “आईला तुझ्या कवाच जमलं नाय. भित्री होती.”

फोन वाजला तेव्हा नऊ वाजून वीस मिनिटं झाली होती. आईचा मेसेज होता. उद्या संकष्टी आहे, मावशीचा उपास असेल तर विचारून ठेव, साबुदाणा भिजवते.

मी तो वाचला, खिशात ठेवला, आणि मग परत काढून वाचला.

उद्या संकष्टी म्हणजे उद्या चतुर्थी. उद्या चतुर्थी तर आज तृतीया. पंचमी नव्हे. मी बोटं धरली. तीन पाऊण सव्वादोन. त्यात सहा. सव्वाआठ. सव्वाआठला पाणी संपूर्ण गेलं होतं, म्हणजे आम्ही वाटेवर होतो तेव्हाच. त्या तीन बायका परतत होत्या तेव्हा. गेला तासभर ते परत येत होतं.

मी समुद्राकडे पाहिलं. पाणी शांत होतं, लाटा नव्हत्या. खडपाच्या टोकाला दोन उंचवट्यांचा एक दगड होता, त्यावर मघाशी एक बगळा बसला होता. आता एकच उंचवटा दिसत होता. घळीकडे पाहायचं धाडस मला झालं नाही.

इथे जे झालं ते सांगणं मला अजूनही जड जातं. मी गप्प बसले. माझ्या तोंडात शब्द तयार होते आणि ते बाहेर येत नव्हते. पाण्याची भीती होतीच, पण तिच्याबरोबर दुसरी एक होती, आणि ती मोठी होती हे मला कबूल करायला हवं. मी चुकीचं वाचलं हे मावशीला सांगावं लागेल, याची ती भीती. मी स्वतःला सांगत होते की आईच चुकली असेल. आई कधी चुकत नाही. मी मिनिटं मोजत होते आणि प्रत्येक मिनिटाला ते सांगणं जास्त कठीण होत होतं, कारण आता आधीचं मिनिटही त्यात धरावं लागणार होतं.

“मावशी, निघूया का?” मी शेवटी विचारलं. हळूच.

“घाई काय? पावनेधा कुठं झाले.” ठोका. शिंपली उडाली. “पानी कुठपर्यंत हाय गो? मना सगलं पांढरं दिसतंय.”

मला दिसत होतं. तिच्या पाठीमागे दोन हातांवर ते खडकाच्या फटीतून वर येत होतं, मागे सरत होतं, आणि परत थोडं जास्त वर येत होतं.

“लांब आहे,” मी म्हणाले.

ती पुन्हा कामाला लागली. किती वेळ गेला मला सांगता येत नाही. फार नसेल. मग पाणी फटीतून आलं आणि तिच्या टाचेला लागलं. तिचा हात हवेत थांबला. तिने सळी खाली ठेवली, तळवा पाण्यात सोडला, बोटं पसरली आणि क्षणभर तशीच राहिली, ताप बघताना राहतात तशी.

“भरती लागली,” ती म्हणाली. “उठ.”

रागावली नाही. डब्याचं झाकण लावलं, डबा टोपलीत, टोपली डोक्यावर. घळीपाशी आलो तर तळ नव्हता. पाणी गढूळ, हिरवट आणि उजवीकडून डावीकडे सरळ वाहणारं. घोट्याएवढं पाणी मी शोधत राहिले, जणू ते बाजूला कुठेतरी असेल.  

“डोंगराच्या मदी खाच दिसते का? किल्ल्याच्या खालती?”

“हो.”

“तिच्यावर नजर ठेव. पान्याकडं बघू नको. पाय उचलू नको, घासत आन. मी पुढं जाते, तू खाच बघ आन मना सांग, ती उजवीकडं सरकली का डावीकडं.”

तिने माझं मनगट धरलं. पहिल्या चार पावलांत पाणी मांडीपर्यंत आलं, मग कमरेच्या वर. ते थंड नव्हतं. ओढत होतं. पायाखालचा खडक शेवाळाने बुळबुळीत होता आणि मध्येच तो संपला, पुढे वाळू लागली. “खाच,” मावशी म्हणाली. “कुठं हाय खाच?”

“उजवीकडे.”

“मंग आपुन वाहत चाललोय. जरा उजवं घे.”

एकदा पाणी माझ्या छातीला लागलं. मावशी माझ्याहून बुटकी आहे. तिच्या गळ्यापाशी आलं तेव्हा तिने फक्त टोपली दोन्ही हातांनी धरली, म्हणजे माझं मनगट सोडलं, आणि मी तिच्या पदराला धरलं. डोंगरातली ती खाच मी आजही डोळे मिटून काढून दाखवू शकेन. मग वाळू वर चढू लागली. किनाऱ्यालगतच्या खडकावर आम्ही दोघी पालथ्या पडलो. डबा तसाच होता.

खूप वेळाने मावशी उठून बसली, लुगड्याचा पदर पिळला. डोळ्यांत पाणी गेलं होतं, ते ती मनगटाने पुसत होती. “पाच पाऊन पावनेचार,” ती स्वतःशीच म्हणाली. “पावनेचार आन सा.” तिने परत हिशेब केला. परत तोच आला. “कुठं चुकले मी?”

मी बूट शोधत होते. बूट वाहून गेले होते.

घरी पोहोचायच्या आत बातमी पोहोचली होती. त्या तिघींतल्या एकीने आम्हाला वाटेवरून पाहिलं होतं आणि बाजारात वहिनीला सांगितलं होतं. वहिनीने दादाला फोन केला होता. दोघंही घरी होते. वहिनीने मावशीच्या अंगावर कोरडं लुगडं टाकलं. माझ्या पायाखाली फडकं ठेवलं, अनवाणी चालून तळव्यांतून रक्त येत होतं. आवाज कुणाचाच चढला नाही. तो चढला असता तर बरं झालं असतं.

“आई,” दादा म्हणाला, “तिजेला कोन आठ वाजता खडपावर जातं?”

“पंचमी धरली मी.”

“आज तीज हाय. सगल्या गावाला ठाव हाय.” तो तिच्यासमोर जमिनीवर बसला. “डोल्याचं मी समजू शकतो. डोला डॉक्टर करल. पन तुझं तिथीचं डोकं चालत नाय आता, त्याला काय करू? ही दुसऱ्याची पोर हाय. तिच्या आईला काय सांगितलं असतं मी?”

मावशी कुणाला उत्तर दिल्याशिवाय राहत नाही. सरपंचालाही नाही. मी वाट बघत होते की ती म्हणेल, मी तीज म्हणाले होते, पोरीने पंचमी वाचली. तिने माझ्याकडे पाहिलं, म्हणजे मी जिथे असेन असं तिला वाटलं तिथे पाहिलं.

“व्हय,” ती म्हणाली. “विसरायला झालंय मना. तुमचं खरं हाय.”

तिने टोपलीतून सळी काढली, पदराने पुसली आणि वहिनीपुढे धरली. “ठेव माल्यावर. म्हैन्यानं डोला आला तरी आता नाय मागनार.”

वहिनीने ती घेतली नाही लगेच. तिला जे हवं होतं तेच मिळत होतं, पण तिच्या चेहऱ्यावर ते दिसत नव्हतं. मावशीचा हात तसाच पुढे राहिला होता. 

त्यांच्या डोक्यावरून मला भिंत दिसत होती. कॅलेंडरचं पान खिळ्यात दुमडून अडकवलेलं होतं, मी अडकवलं होतं तसं. त्याच्याखाली मोठ्या लाल अक्षरांत फेब्रुवारी लिहिलं होतं. सकाळी मी तारीख पाहिली होती, महिना नाही.

घळीत होती तशीच भीती परत आली. खोलीत तीन माणसं होती. तिघंही माझीच.  मी गप्प राहिले असते तर कुणाला कधी कळलं नसतं. दादाने संध्याकाळी सहज ते पान खाली सोडलं असतं. वहिनीने हात पुढे केला आणि सळीची मूठ धरली.

“वहिनी, ती नका घेऊ,” मी म्हणाले. माझाच आवाज मला ओळखू आला नाही. दादा वळला. “मावशी विसरली नाही. ती तीज म्हणाली होती. ते पान मी उलटून अडकवलं आणि तिला पुढच्या महिन्याची तिथी वाचून दाखवली. आणि तिथे खडपावर तिने मला विचारलं होतं, पाणी कुठे आहे. मला दिसत होतं दादा. मी खोटं सांगितलं.”